कानतुटका

वैशाखात अमळनेरला दुपारी एकच काम असतं :
दारं लावून पडणं.
मी त्याऐवजी डिंक लावते.

ओट्यावर जुना पेपर. त्यावर
टवके उडालेल्यांची हजेरी :
लोणच्याची बरणी, गळ्याशी खरचटलेली,
दोन बशा,
आणि किटली, जिचं नाक
चौदा वर्षं बटणांच्या डब्यात होतं.
हे म्हणतात, तीनशे रुपयांत नवा सेट मिळतो.
मिळतो की.

दोन नळ्या. हरभऱ्याएवढा हा,
हरभऱ्याएवढा तो.
काचेच्या तुकड्यावर काडीनं घोटायचा.
टवका सापडतच नसेल तर
केमिस्टकडची जस्ताची भुकटी कालवायची त्यात.
रांगोळी नको. खडबडीत राहते, मी करून पाहिलंय.
पाकिटावर लिहिलेलं असतं, चोवीस तास.
ते पुण्याचे तास असावेत.
आमच्या गच्चीवर पत्र्याखाली
चार वाजेपर्यंत दगड होतो.

वडील मिलमध्ये जॉबर होते.
दिवसभर मागांशी झुंजून यायचे
आणि रात्री चाळीतल्या कुणाकुणाच्या कपाला
कान लावून द्यायचे, फुकट.
जोड दिसली तर दिसू दे, म्हणायचे,
लागता कामा नये.
नख फिरव. अडलं, तर अजून घास.
आणि दुसरं एक, दर वेळी, बोट वर करून :
जिथं ओठ लागतो तिथं हे औषध चालत नाही.
जोडलेल्या कपात सुया ठेव, ओवा ठेव,
चहा नाही.

सगळं उरकल्यावर हातावर
थोडा डिंक उरला होता.

मोरीच्या खिडकीत एक कप असतो.
कान नाही. काठाला तीन टवके.
सासूबाईंनी ठेवलेला, मथाबाईसाठी,
जी मागची गल्ली झाडते.
सासूबाई गेल्या. कप राहिला.
मीच राहू दिला,
बावीस वर्षं, वरून चहा ओतत,
कपाला किटलीचं नाक लागणार नाही
इतक्या उंचीवरून.
(त्या उंचीचा हाताला सराव होतो.
पोळी लाटण्यासारखा.)

म्हटलं, निदान तिचा ओठ तरी कापू नये.
तीन टवके भरले.
कान मात्र मातीचा नवा करावा लागला,
जरा जाड झाला, म्हशीच्या कानासारखा.
ठेवला गच्चीवर.

चारला खराटा भिंतीला टेकल्याचा आवाज.
मग खिडकीशी हात चाचपडला.
"मना कप कोठे शे व माय?"
वाळतोय, म्हटलं. जोडलाय.
ती हसली. तोंडात दोनच दात, दोन्ही दिसले.
"मंग चाय कसामा पिऊ?"

वडिलांचं बोट आठवलं ते तेव्हा.

आतल्या सहातला एक काढला. निळ्या रेघेचा.
चहा ओतला,
किटलीचं नाक कपाला टेकलं,
नवं नाक, नीट बसलेलं.
ती पायरीवर बसून बशीत ओतून प्याली,
फुंकर घालत, सावकाश,
"साखर जास्त पडनी," म्हणाली.
मग नळाखाली कप विसळला, बशी विसळली,
पदरानं पुसली,
आणि गेली ठेवून
खिडकीत. पालथा. रोजच्या जागी.

रात्री तो आत आणायला गेले.
मांडणीवर पाच होते.
हात मध्येच थांबला.
किती वेळ, ते इथं लिहीत नाही.
सवयीनं काठावरून नख फिरवलं, पुरं एक फेर.
कुठंही टवका नव्हता.
तरी अडलं.

मग ठेवला, पाचांच्या शेजारी.
शेजारी, म्हणजे जरा अंतरावर.
मग सरकवला.